उंचावर बसवलेली जाळी

मित्रांनो, मी बाथरूममधली एक जुनी जाळी आहे. तीच ती, फरशीच्या कोपऱ्यात बसवलेली, गोल, भोकाभोकांची, जिच्यातून आंघोळीचं पाणी खाली जातं. म्हणजे जायला हवं. माझ्यातून ते कधी गेलं नाही. खडकवासल्याचे दरवाजे उघडतात, पुण्याच्या रस्त्यांचे ओढे होतात, आणि मी चक्क बाथरूममध्ये राहून कोरडी ठणठणीत! याला कारण मला बसवणारी माणसं. त्यांच्याविषयी मला चांगलं बोलता येणार नाही. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी एखाद्या छत्रीचं किंवा फुटक्या आरशाचं आत्मवृत्त वाचावं. ती मंडळी फार गोड बोलतात.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे काम नीट व्हायचं. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, कारण नीट काम करणं एवढंच तिथे काम होतं. माझी भोकं एकसारखी पाडली, कडा घासल्या, अंगावर प्लास्टिकचा पातळ कागद चढवला आणि खोक्यात घालून मला वारज्याला पाठवलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'झुरळरोधक'. इमारतीच्या गुळगुळीत माहितीपुस्तकात तर माझा फोटोसुद्धा होता आणि खाली 'जागतिक दर्जाचे स्नानगृह'. मी हुरळले. नवीन होते, अक्कल नव्हती.

त्या इमारतीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. ते वॉचमनला उच्चारता येत नाही आणि राहणाऱ्यांना लिहिता येत नाही, म्हणून सगळे 'हिंदुरावांची बिल्डिंग' म्हणतात. हिंदुराव आधी वाळूच्या गाड्या चालवायचे. मग त्यांनी गाड्या घेतल्या, मग जमिनी घेतल्या, मग पांढरे बूट घेतले आणि बिल्डर झाले. इमारतीखालची जमीन सोजरबाईंच्या घरची होती. तिथे त्यांच्या नवऱ्याने हयातभर मेथी आणि कांदापात काढली. जमिनीच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर घर, असं ठरलं. हिंदुराव त्यांच्या भावकीतले, नात्याने दीर. "वहिनी, तुमच्या घराचं काम मी जातीनं बघीन," असा शब्द त्यांनी दिला होता. जातीनं ते फक्त पेढे द्यायला आले.

आता माझी जागा कशी ठरली ते ऐका. मी ज्या पाइपावर बसणार होते तो पाइप स्लॅबमधून चांगला दोन बोटं वर आला होता. तो कापायला हवा होता. करवत खालच्या मजल्यावर राहिली होती. आणायला कोण जाणार? साइटवरचा इंजिनिअर चेतन मोबाइलमध्ये बघतच म्हणाला, "राहू दे रे, फरशीत अॅडजस्ट करू." दसऱ्याला ताबा द्यायचा होता आणि मांडवाची ऑर्डरही गेली होती. मग काय, माझ्या कोपऱ्यात सिमेंट चढवलं, फरशी पाइपाला भिडवली आणि सगळ्या बाथरूममध्ये सर्वांत उंच जागेवर मला विराजमान केलं. पाण्याने चढ चढून माझ्याकडे यावं, अशी त्या विद्वानांची अपेक्षा असावी. बाथरूममध्ये पाणी भरून ठेवून बघायचं असतं. ते बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं ना!

दसऱ्याला सोजरबाई राहायला आल्या. बरोबर मुलगा शंभू आणि सून तनुजा. शंभू स्वभावाने इतका गरीब की रिक्षावाल्याने चुकीच्या दिशेला नेलं तरी तो दोन चौक गप्प बसतो. तनुजा विमा कंपनीत कामाला आणि जिभेला धार. पहिल्याच सकाळी सोजरबाईंनी अंगावर पहिला तांब्या घेतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते पाणी वळलं, दाराकडे चालू लागलं, पॅसेजमध्ये गेलं आणि समोरच्या खोलीत त्यांच्याच गादीखाली शिरलं.

"अगं बया!" सोजरबाई आतून ओरडल्या. "ह्ये पानी तर पावन्यावानी भाईर चाललंय!"

तनुजाने तक्रार केली. तक्रार करायला एक अॅप होतं. त्यात आधी बाथरूमचं चित्र निवडायचं, मग रडका चेहरा निवडायचा, मग कस्टमर केअरच्या शेफालीचा फोन यायचा. शेफालीला इमारत कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण आवाजात मध होता. "मॅम, आय टोटली अंडरस्टँड, आमचा माणूस व्हिजिट करेल."

तो माणूस म्हणजे पुन्हा चेतन. त्याने बाथरूम पाहिलं, खिशातून रुमाल काढावा तसा बोळा काढला, फरशी कोरडी पुसली, फोटो काढला आणि निघाला. दुपारी अॅपवर हसरा चेहरा आला. तक्रार निकाली! मित्रांनो, ही त्यांची पद्धतच होती. कोरड्या फरशीचा फोटो काढला की गळती थांबते, असं त्यांचं शास्त्र. तनुजाने पुन्हा तक्रार केली की पुन्हा बोळा, पुन्हा फोटो, पुन्हा हसरा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला अजूनही संताप येतो.

"पाच वर्षं दुरुस्ती तुम्ही करून द्यायची असा कायदा आहे," तनुजा एकदा फोनवर म्हणाली.

"डेफिनेटली मॅम. पण आपण पॉझिटिव्ह राहू या ना."

"मी पॉझिटिव्हच आहे. गादी निगेटिव्ह झालीय, तिला बुरशी आलीय."

त्यानंतर एक नवीनच त्रास सुरू झाला. माझ्या खालच्या वाकड्या नळीत पाणी साचलेलं असेल तर गटाराचा वास वर येत नाही. पण माझ्याकडे पाणी यायचंच नाही, म्हणून नळी सुकली आणि घरभर वास सुटला. आणि दोष कोणाला? मला! चेतनने नाक दाबून माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोगऱ्याच्या वासाची एक डबी भिंतीला चिकटवून गेला. वास मोगऱ्याचा आणि गटाराचा, दोन्हींचा येऊ लागला. दिवाळीला कंपनीकडून भेट आली. उघडून बघतात तो पाणी ओढायचा लांब दांड्याचा वायपर, आणि दांड्यावर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत! चोराने कुलूप भेट द्यावं, त्यातला प्रकार.

तनुजा तरीही हटली नाही. तेव्हा त्यांनी सर्वांत मोठा दिवा लावला. पाणी बाहेर जातं ना? मग दारातच ते अडवू. त्यांनी बाथरूमच्या दारात वीतभर उंच दगडी पट्टी बसवली. उतार तसाच. पाणी बाहेर जायचं थांबलं आणि दारात तळं साचू लागलं. म्हणजे आता आत यायचं तर पट्टीवरून पाय उचलायचा आणि थेट साबणाच्या पाण्यात टाकायचा. अशी रचना शत्रूच्या किल्ल्याला ठीक आहे, म्हाताऱ्या बाईच्या बाथरूमला नाही.

आणि त्यातच सोजरबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

त्या वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटू लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला, फिरा, सगळं स्वतःचं स्वतः करा, फक्त पडू नका. सोजरबाई दारापर्यंत यायच्या, त्या पट्टीकडे बघायच्या, पलीकडच्या पाण्याकडे बघायच्या आणि परत फिरायच्या. एकदा त्यांनी पाय टाकलाच. टाच सरकली. तनुजाने मागून धरलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून त्यांची आंघोळ पलंगावर सुरू झाली, ओल्या फडक्याने. तनुजा पुसायची आणि सोजरबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. पहाटे विहिरीवर जाऊन थंड पाण्याने न्हालेली ती बाई. पॅसेजमधून मला सगळं ऐकू यायचं. फडकं पिळल्याचा आवाज यायचा, आणि तोच मला ऐकवायचा नाही.

"आई, आंघोळ घालायला एक बाई ठेवू या का?" शंभूने चाचरत विचारलं.

"मला आंघुळ घालाय बाई? मेल्यावर घाला की, तवा न्हाई म्हनत न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "मला माझ्या हातानं दोन तांबे अंगावर घ्यायचेत. त्येवढं बी जमंना का ह्या घरात?"

तनुजा म्हणाली की आता ती रीतसर दाद मागणार, वकील करणार. सोजरबाई म्हणाल्या, "वकील कर, पर आदी पितर जिवू घाल."

भाद्रपद संपत आला होता. पितृपंधरवड्यात सोजरबाईंच्या नवऱ्याचं म्हाळ, म्हणजे श्राद्धाचं जेवण असतं. त्या जेवणाला सगळी भावकी येते आणि त्याला नाही म्हणता येत नाही. पितरांचं जेवण नाकारणारा माणूस माणसांतून उठतो. त्यातून पानावर बसण्याआधी पाय धुवायचे असतात, आणि भावकीतला सर्वांत थोरला पुरुष बसल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नाही. थोरले कोण? हिंदुराव. शिवाय त्यांना यायचंच होतं, कारण भावकीतल्या बजरंगचं कालव्याकडचं वावर त्यांना पुढच्या इमारतीसाठी हवं होतं आणि बजरंग अजून 'बघू' म्हणत होता.

त्या दिवशी हॉलमध्ये पानं मांडली. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा. बाकी सगळ्यांना सोजरबाईंनी गॅलरीत पाय धुवायला लावले. हिंदुराव आले, पांढरे बूट काढले आणि तेही गॅलरीकडे निघाले.

"न्हाई, न्हाई भावजी, तुमचा मान मोठा," सोजरबाई वॉकरवर रेलून म्हणाल्या. "तुमी आत बाथरूमात धुवा. बादली भरून ठिवलीय. सगळी घ्या, पितरांचं जेवान हाय."

मी माझ्या सिंहासनावरून बघत होते. हिंदुराव विजार दुमडून ती पट्टी ओलांडून आत आले. लोक बघतायत म्हटल्यावर त्यांनी हात सैल सोडला. एक तांब्या, दुसरा तांब्या, मग बादलीच पायांवर उपडी केली. पाण्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सवयीने दाराकडे गेलं, पट्टीला अडलं आणि तुंबलं. हिंदुराव घोट्यापर्यंत पाण्यात उभे. इकडे सरकले, तिकडे सरकले. पाणीही त्यांच्याबरोबर सरकलं. बाहेर पानं वाढून झाली होती, वाफा निघत होत्या, आणि सगळी भावकी थोरल्यांची वाट बघत होती.

"वहिनी!" हिंदुराव आतून ओरडले. "अवो, हितं पानी जात न्हाई!"

मित्रांनो, एवढे दिवस तनुजाने जे वाक्य त्या अॅपमध्ये लिहिलं, तेच वाक्य खुद्द बिल्डरच्या तोंडून, त्यानेच बांधलेल्या बाथरूममधून, अख्ख्या भावकीने ऐकलं!

"व्हय का?" सोजरबाई शांतपणे म्हणाल्या. "मग तकरार करा की भावजी. त्या मोबाइलात करत्यात म्हनं."

"पण काका, आधी फरशी पुसून घ्या," तनुजा म्हणाली. "ओल्या फरशीचा फोटो तुमच्याकडे चालत नाही. वायपर कोपऱ्यात आहे, तुमच्याच कंपनीचा."

काय करतात बिचारे? बिचारे म्हणवत नाही, पण असो. पितरांचं जेवण सोडून जाता येत नव्हतं आणि त्या तळ्यातले पाय घेऊन पानावरही बसता येत नव्हतं. हिंदुरावांनी वायपर उचलला. ते माझ्याकडे पाणी ढकलायचे आणि ते उतरून परत त्यांच्याच पायाशी यायचं. पाच-सहा वेळा ढकलल्यावर घाम फुटला. शेवटी तसेच पट्टी ओलांडायला गेले, पाय अडकला, आणि पॅसेजमध्ये शंभूच्या अंगावर जाऊन आदळले. शंभूने त्यांना धरलं. गरीब असला तरी पोरगा अंगाने दणकट आहे. हिंदुरावांची विजार गुडघ्यापर्यंत चिंब झाली होती.

बजरंग उठून दारापर्यंत आला आणि आत डोकावला. फरशी बघितली, पट्टी बघितली, माझ्याकडेही बघितलं.

"तात्या, माझ्या वावरात बी असंच बांधनार व्हय?" त्याने हिंदुरावांना विचारलं.

सोजरबाई हसल्या नाहीत. वॉकर पुढे टाकत त्या हिंदुरावांसमोर उभ्या राहिल्या. "तुमी दांडगं गडी, तुमी पडत व्हता," त्या म्हणाल्या. "मी काय करावं? मेथीचं रान दिलं तुमाला. आंघुळीपुरती जागा मागते, ती बी मिळंना."

तुम्हाला वाटेल, आता हिंदुराव शरमले असतील. छे हो! शरम असती तर पाइप तेव्हाच कापला असता. ती धास्ती होती, कालव्याकडचं वावर हातचं जाण्याची. पण सोजरबाईंना त्यांची शरम नको होती, फरशी हवी होती. हिंदुरावांनी पानावर बसण्याआधी फोन लावला आणि चेतनला ज्या शब्दांत झापलं ते लहान मुलांसाठीच्या आत्मवृत्तात देता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं हजर. चेतनही आला, या वेळी बोळ्याशिवाय. फरशी फोडली. खाली माझा पाइप निघाला, दोन बोटं वर, होता तसाच. करवत लावली. स्वयंपाकघरात चहा ठेवला होता, त्याला उकळी यायच्या आत पाइप कापून झाला! एवढ्याशा कामासाठी ती गादी कुजली, तो वास सोसला, आणि ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सोजरबाई पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक थर झाला की म्हणायच्या, "वता पानी." पाणी सरळ कोपऱ्याकडे गेलं तरच पुढचा थर. चेतन म्हणाला, "आजी, फोटो काढतो ना मी." सोजरबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मोबाइल खिशात घातला. दारातली पट्टीही त्यांनी उखडून काढायला लावली.

आणि माझं काय झालं? छिन्नीच्या घावाने माझी कड वाकली. नवीन चौकोनी जाळी आणली आणि मला राडारोड्याच्या गोणीत टाकलं. त्यावरही कडी म्हणजे चेतनने अॅपवर लिहिलं, 'तक्रारीचे कारण: जाळी सदोष. जाळी बदलली. तक्रार निकाली.' तनुजाने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "वा! म्हणजे जाळीच चढ चढून बसली होती होय." निदान एका माणसाला तरी खरं माहीत आहे. पण मित्रांनो, जन्मभर कोरडी राहून शेवटी पाणी तुंबवल्याचा ठपका माझ्याच माथी! त्या लोकांना दुसऱ्याच्या माथी मारण्याचं एवढं एकच काम नीट येतं.

माझी गोणी तेव्हा गॅलरीत होती. काम वाळल्यावर एका सकाळी मला वॉकरची टकटक ऐकू आली. ती पॅसेजमधून बाथरूमपर्यंत गेली. तनुजा म्हणाली, "आई, मी येऊ का आत?"

"नगं."

मग आतून कडी लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तनुजा दाराबाहेरच उभी असणार. मग तांब्या बादलीला लागला आणि पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि ते पाणी खळखळ करत, कुठेही न रेंगाळता, नव्या जाळीतून खाली गेलं. माझ्या शेजारून जाणाऱ्या पाइपात मी ते ऐकलं. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? पण सोजरबाई आत जात्यावरचं काहीतरी गुणगुणू लागल्या, आणि मला त्या आवाजापुढे माझं रडगाणं आठवेना.

इथे ही गोष्ट संपली असती तर मीही गोड बोलले असते. पण माझी गोणी उचलून ज्या टेम्पोत टाकली, तो टेम्पो गेला विश्रांतवाडीला, हिंदुरावांच्या दुसऱ्या इमारतीवर. बजरंगचं वावर काही त्यांना मिळालं नाही, पण पुण्यात जागेला काय तोटा? तिथे बाथरूमच्या खड्ड्यात भर घालायला राडारोडा लागतो. गोणी ओतली, वर सिमेंट आलं, वर फरशी आली. आता मी फरशीखाली आहे. या घरातही मला वरचं ऐकू येतं. फरशी बसवताना कोणी पाणी ओतलं नाही. दिवाळीचा ताबा आहे, मांडवाची ऑर्डर गेली आहे. परवा कोणाच्या तरी हातून बाटली कलंडली, आणि ते पाणी माझ्या डोक्यावरून हळूच दाराकडे गेलं. कोपऱ्यात एक नवी जाळी बसवली आहे. तिच्या अंगावर अजून प्लास्टिकचा कागद आहे. ती खुशीत असेल. तिला मी काही सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. मित्रांनो, तुमचे आईबाबा नवीन घर बघायला जातील तेव्हा ते जिम बघतील, पोहण्याचा तलाव बघतील, लिफ्टमधला आरसा बघतील. बघू द्या. तुम्ही गुपचूप बाथरूममध्ये जा आणि तांब्याभर पाणी ओता. ते कुठे जातं ते उभं राहून नीट बघा. दाराकडे गेलं तर तिथल्या तिथे ओरडा, मोठ्याने ओरडा. पांढऱ्या बुटातले काका हसतील, गालगुच्चा घेतील, हातात चॉकलेट कोंबतील. चॉकलेट खा आणि दुसरा तांब्या ओता. पण हे सगळं ताबा घ्यायच्या आधी. एकदा किल्ली हातात पडली की ते पाणी तुमचं.